मार्ज, तेव्हा मी तिथेच होतो

मार्ज,

आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून दे, असं अण्णांनी फोन करून सांगितलं. "तुझी तिच्याशी सगळ्यात जास्त ओळख. कार्याचा आढावा घे, एखादी हृद्य आठवण टाक, बास झालं." आढावा गावच्या पेपरात येऊन गेला आहे. शाळेच्या बसची ड्रायव्हर, मग स्कूल बोर्डाची सदस्य, मग मिशिगनच्या विधानसभेत दोनदा निवडून आलेली आणि तिसऱ्यांदा हरलेली. सोबत केस कुरळे केलेला तुझा कुठलातरी जुना फोटो. मी तो कागद दोनदा वाचला आणि रद्दीत टाकला.

मला आढावा जमणार नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, नोव्हेंबरपासून. तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. मराठीत लिहितोय, आणि तुला मराठीतले "पाणी", "चहा" आणि "पुरे" एवढे तीनच शब्द येत होते. तरी याच भाषेत लिहिणं भाग आहे, कारण जे सांगायचंय ते तुझ्याइतकंच हा अंक वाचणाऱ्यांनाही सांगायचं आहे. वयाने तू माझ्या आईएवढी. आईलाही मी अगं-तुगंच करतो, तेव्हा तुलाही तेच.

तू पहिल्यांदा आमच्या दारात आलीस ती दोन हजार दोनच्या जुलैमध्ये, शनिवारी भर दुपारी. डेट्रॉइटजवळ, ट्रॉयच्या अलीकडच्या आमच्या नव्या वस्तीत तेव्हा झाडंसुद्धा गुडघ्याएवढी होती, सावली कुठेच नाही. बेल वाजली. मी सावकाश उठलो, कारण शनिवारी दुपारी आमच्याकडे फक्त काहीतरी विकणारे येत. दार उघडलं तर घामाने निथळलेली एक गोरी बाई तोंडातल्या तोंडात आकडे मोजत उभी होती. "सतरा," म्हणालीस. "लोक साधारण बाराला उघडतात." नंतर कळलं, बेल वाजवल्यावर तू वीसपर्यंत मोजायचीस. पोरगं घरातून धावत येतंय का हे पाहायला बसचं दार उघडं ठेवूनही वीसपर्यंतच मोजायचीस. त्याआधी बस हलवायची नाही, हा तुझा नियम.

मत मागायला आलेय म्हणालीस, तसं मी घाईघाईने सांगून टाकलं की आम्हाला मत नाही, ग्रीन कार्ड आहे, सिटिझन व्हायला अजून चार वर्षं आहेत. म्हणजे बाई, तुमचा वेळ वाया घालवू नका. तू म्हणालीस, "मग पाणी तरी द्या." दाराशी चपलांचा ढीग पाहून तू न सांगता बुटांच्या लेस सोडायला बसलीस. त्याला पाच मिनिटं लागली. आत सुजाताने, माझ्या बायकोने, फ्रीजमधल्या पाण्याचा तांब्याच पुढे केला, आणि तू तो भांड्यात न ओतता वरून प्यायचा प्रयत्न करून अंगावर सांडलास. आमची मुलगी, मैत्री, तेव्हा वर्षाची होती. ती खदाखदा हसली. तू गेल्यावर सुजाता म्हणाली, "मत नाही तरी इतका वेळ बसली. काहून बसली असेल?"

पुढच्या शनिवारी तू परत आलीस. म्हणालीस, तीस वर्षं गाडी चालवून आता ड्रायव्हिंगचा कंटाळा आलाय, मला कोणीतरी फिरवणारा हवा. मी हो म्हणालो. खरं सांगू का, त्या दिवसांत नव्या गल्लीत एकटं पायी फिरायला मला नको वाटायचं. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर माझ्याकडे लोक जरा जास्त वेळ बघायला लागले होते. तुझ्याबरोबर फिरलो तर निदान मी कोण आहे ते चार लोकांना कळेल, असा माझा हिशोबी विचार होता. समाजसेवा वगैरे काही नव्हतं.

आणि मी आलो तो जपानी गाडी घेऊन. तू गाडीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "प्रशांत, आपण आज जिथे जातोय तिथे दर दुसऱ्या घरातलं माणूस गाड्यांच्या कारखान्यात काम करतं." मी म्हणालो, "मायलेज फार छान देते." डेट्रॉइटच्या सावलीत सहा वर्षं राहून, तिथल्याच एका गाड्यांच्या कंपनीला सॉफ्टवेअर तपासून देऊन, एवढी अक्कल मला नव्हती. तू हसून हसून खोकायला लागलीस. मग चर्चच्या मागच्या पार्किंगमध्ये गाडी लपवली आणि दोन गल्ल्या चालत गेलो. चार वर्षं ती तिथेच लपवत होतो. तू एकदाही गाडी बदल म्हणाली नाहीस. कोणी विचारलंच तर सांगायचीस की डॉक्टरने चालायला सांगितलंय.

एका दारात एका माणसाने माझ्याकडे बोट करून विचारलं होतं, "हा कुठला?" तू म्हणालीस, "हा सत्ताविसाव्या स्टॉपवरचा." बसच्या रस्त्यावरचा आमच्या कोपऱ्याचा तो नंबर. मला त्या दिवसापासून कोणी कुठला म्हटलं की आधी तोच आकडा आठवतो.

तुझी कार्डं. प्रत्येक घराचं एक, पोस्टकार्डापेक्षा लहान, बुटांच्या खोक्यांत गल्लीवार लावलेली. बसच्या दिवसांपासूनची सवय. बाकीचे उमेदवार लोकांना एक ते पाच नंबर देत. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे नाद सोडा. तू नंबर देत नव्हतीस. "कुत्रं चावतं. मुलगा सैन्यात. मागच्या वेळी चिडला होता, गुडघा दुखत होता." असलं काहीतरी लिहायचीस, पेन्सिलीने, दारातून निघाल्याबरोबर फुटपाथवर उभं राहून. टेबल म्हणजे माझी पाठ. "वाक," म्हणायचीस, की मी वाकायचो आणि पाठीवर पेन्सिल फिरायची. ज्याने तोंडावर दार लावलं त्याच्या कार्डावर दोनच शब्द असत, पुन्हा जाणे. मी एकदा वैतागून म्हणालो, त्याने शिवी दिली, आता काय पुन्हा जायचं? तू म्हणालीस, "जेवत असेल."

पाठीवरची ती गुदगुली मला अजून जाणवते.

तू निवडून आलीस. लॅन्सिंगला, मिशिगनच्या राजधानीत, जाऊन तू काही मोठे दिवे लावले नाहीस, हे तूच सांगायचीस. शाळेसमोरच्या चौकात सिग्नल बसवायला तुला अडीच वर्षं लागली. पहिल्यांदा नुसती पाटी मिळाली, मग पिवळा लुकलुकणारा दिवा, मग खरा सिग्नल. "मिळेल तेवढं घ्यायचं आणि उरलेल्यासाठी परत जायचं," हे तुझं सगळं राजकारण. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटायचं. सिग्नलच्या बाबतीत ते होतंच.

आता त्या फोटोचं सांगतो.

मैत्रीच्या तिसऱ्या वाढदिवसाला खालची बाथरूम अडलेली म्हणून सुजाताने तुला वर पाठवलं. खाली आलीस ती थेट माझ्यापाशी. "तुमच्या बेडरूममध्ये निळा कोट घातलेले, चष्म्याचे गृहस्थ आहेत. ते कोण? आणि ते हॉलमध्ये का नाहीत?"

अंक वाचणाऱ्यांना ते कोण हे सांगायला नको. आणि हॉलमध्ये का नाहीत, हेही बऱ्याच जणांना कळेल. मंडळात पहिल्या दिवशी मला कोणीतरी विचारलं होतं, "वानखेडे म्हणजे नेमके कुठले?" आमच्या विदर्भात वानखेडे सगळ्या जातींत आहेत. मी म्हणालो, "नागपूरचे." समोरच्याने आपल्याला हवं ते समजून घेतलं आणि मी समजू दिलं. मग हॉलमध्ये मंडळाची माणसं चहाला यायला लागली, आणि फोटो वर गेला. कोणी वर ने म्हटलं नव्हतं. मीच नेला. सुजाता आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नव्हती.

वाढदिवसाची माणसं गेल्यावर तू थांबलीस. मी दोन तास बोललो. इंग्रजीत ते बोलणं सोपं गेलं, का कोण जाणे. वर्ध्याकडच्या एका गावात माझे वडील शाळेत वर्गाच्या दाराबाहेर बसून शिकले, पावसात तिथेच, थंडीत तिथेच, मास्तर त्यांची पाटी लांबून बघायचे, हे मी मंडळातल्या एकाही माणसाला सांगितलं नव्हतं. तुला सांगितलं. तू एवढंच विचारलंस, "दार उघडं असायचं?" मी म्हणालो, हो, उघडं असायचं.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात मीच तुला म्हणालो की एप्रिलमधली जयंती आम्ही दहा-बारा घरं लायब्ररीच्या मागच्या खोलीत करतो, तू विधानसभेत एक ठराव आणशील का? नुसता सन्मानाचा. सोनेरी शिक्का, चार परिच्छेद. तू आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो लिहिलास. त्यातलं एक वाक्य तुझं स्वतःचं होतं: "जिथे अस्पृश्यतेमुळे मुलांना वर्गाच्या दाराबाहेर बसावं लागलं, तिथे त्यांनी दार सर्वांसाठी उघडलं." सुजाताने ते वाचून तोंडाला पदर लावला. माझ्या वडिलांना मी फोनवर ते मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "तिथल्या सरकारात? आपली गोष्ट?" आणि आईला हाका मारायला लागले.

मग ते अण्णांना कळलं.

अण्णांबद्दल मी वाईट लिहिणार नाही. मी पहिल्यांदा डेट्रॉइटला उतरलो तेव्हा विमानतळावर मला घ्यायला तेच आले होते, आणि माझ्या अंगावर पहिला कोट त्यांचा होता. या नोकरीसाठी शब्द टाकला तोही त्यांनीच. ते मंडळाचे अध्यक्ष होते आणि तू त्यांना मान द्यायचीस. त्यांनी तुला मार्चमधल्या एका रविवारी शाळेच्या कॅफेटेरियात बोलावलं. पाडव्याच्या नाटकाची तालीम नुकतीच संपली होती. चाळीसेक माणसं, कागदी प्लेटमध्ये बटाटेवडे, पोरांची पळापळ.

अण्णा आवाज न चढवता बोलले. "मार्ज, ठराव छान आहे. वुई आर प्राउड. फक्त हा एक शब्द काढ. हे सगळं आम्ही तिकडे सोडून आलोय. इथे आमच्यात तसं काही नाही, आम्ही सगळे फक्त मराठी. उद्या शाळेत पोरांना कोणी विचारलं तर त्यांनी काय सांगायचं?" दोन-चार जण माना डोलावत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे यार, गुड न्यूजला गुड न्यूज राहू द्या ना."

तू ऐकून घेतलंस. मग उभी राहिलीस आणि सगळ्यांकडे बघत म्हणालीस, "तो शब्द कोणाला लागू होतो हे मी सांगू शकत नाही. इथे असं कोणी आहे का, ज्याला तो ठेवायचा आहे?"

आणि माझ्याकडे पाहिलंस.

मी खिडकीजवळच्या तिसऱ्या टेबलावर होतो. बाजूला माझा मॅनेजर बसला होता, त्याची बायको मैत्रीला श्लोक शिकवायची. तुझे ओठ हलत होते. तू मोजत होतीस, मार्ज. मला आकडे ऐकू येत नव्हते, पण मला माहीत होतं तू मोजते आहेस. मी वड्याचा तुकडा चटणीत बुडवला. परत बुडवला. वीस होऊन गेले असतील, तू तरी उभीच होतीस, नियमापेक्षा जास्त. मग अण्णा म्हणाले, "बघ, कोणी नाही."

ठराव पास झाला. ते वाक्य त्यात नव्हतं. त्याजागी "सर्वांसाठी शिक्षणाचा पुरस्कार केला" असं काहीतरी गुळगुळीत होतं. तू फ्रेम करून घेऊन आलीस, आणि मी तुला घरात घेतलं नाही. ड्राइव्हवेतच भांडलो.

"तू वाक्य काढलंस."

"तू बोलला नाहीस."

"तुला सगळं माहीत होतं! माझ्या बापाचं माहीत होतं तुला. परत विचारायची काय गरज होती? तेही त्यांच्यासमोर?"

"मला माहीत असून काय उपयोग? मी लॅन्सिंगला जाऊन सांगू, चाळीस मराठी माणसं नको म्हणतात पण मला माहीत आहे? प्रशांत, ज्याची गोष्ट आहे त्याने एकदा हात वर करायला हवा होता." मग जरा खालच्या आवाजात म्हणालीस, "पुढच्या वर्षी परत आणू. वाक्यासकट."

"हा सिग्नल नाहीये, मार्ज," मी म्हणालो.

तुझा चेहरा पडला. माझ्या तोंडून गेलेल्या शब्दांमध्ये हा एक मला मागे घ्यायचा नाहीये, तो खरा होता. पण त्या दिवशी मी चिडलो होतो तो तुझ्यावर नव्हे, हे मला कळायला वर्ष लागलं. सुजाताला त्याच संध्याकाळी कळलं होतं. "तिच्यावर काय ओरडून राहिला," ती म्हणाली. "वडा तू खात होता."

उन्हाळ्यात माझा सिटिझनशिपचा शपथविधी झाला. मी तुला बोलावलं नव्हतं. तू आलीस, मागच्या रांगेत बसलीस, आणि मतदार नोंदणीचा फॉर्म हातात देऊन, पेनसुद्धा देऊन निघून गेलीस. त्या सप्टेंबरात मी तुला फक्त दोनदा फिरवलं. कामं आहेत म्हणायचो. तू माझ्या पाठीवर कार्डं लिहायचीस आणि आपण हवेबद्दल बोलायचो.

आता ती गोष्ट.

निवडणुकीच्या दिवशी मी कामावर जायच्या आधी शाळेच्या जिममध्ये गेलो. माझं या देशातलं पहिलं मत. कागदावर नावांसमोरचे लंबगोल काळे करायचे होते. गव्हर्नरपासून शेवटच्या जज्जापर्यंत सगळे केले, एकेक नाव वाचून, परीक्षेला बसल्यासारखे. तुझं नाव आलं. पेन त्यावर टेकवलं. मला कॅफेटेरिया आठवला, तुझे हलणारे ओठ आठवले. पेन उचललं आणि खालच्या ओळीवर गेलो. तुझी ओळ कोरी ठेवली. दुसऱ्याला दिलं नाही, एवढं स्वतःला समजावलं. कागद मशीनने आत ओढून घेतला.

बाहेर, आखून दिलेल्या अंतरापलीकडे, तू थंडीत तुझ्याच नावाची पाटी घेऊन उभी होतीस. मला बघून पाटी खाली टेकवलीस. "झालं?"

"झालं," मी म्हणालो.

तू मला मिठी मारलीस. "चार वर्षं वाट पाहिली याची," म्हणालीस, आणि तुझ्या नाकातून पाणी आलं, म्हणालीस थंडीचं आहे.

तू थोडक्यात हरलीस. माझ्या एका मताने काही झालं नसतं, तेवढं गणित मला येतं. पण दुसऱ्या दिवशी तू फोन केलास. मलाच! "वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं मत होतं ना, मला पुरे." "पुरे" तू मराठीत म्हणालीस. मग तू बोलली नाहीस. फोनवर तुझा श्वास ऐकू येत होता. बराच वेळ ऐकू येत होता. मी म्हणालो, "हो." आणि तू म्हणालीस, "बरं," आणि फोन ठेवलास.

जानेवारीत तू परत बसवर आलीस, बदली ड्रायव्हर म्हणून. आमदारकी गेली तर लोक सल्लागार होतात, तू लायसन्स जपून ठेवलं होतंस. सत्ताविसाव्या स्टॉपवर मैत्री चढायची. ती घरी येऊन सांगायची, "मिस मार्ज सेज हाय, बाबा. शी सेज हाय एव्हरी डे." मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचो. तू दार उघडं ठेवून खिडकीकडे बघत थांबायचीस. पोरं सगळी चढलेली असायची, तरी थांबायचीस. मी कॉफीचा कप वर करायचो, जणू काही सगळं ठीक आहे. स्टॉपपर्यंत चाळीस पावलं होती. बर्फ वितळला की जाऊन सांगू, असं ठरवलं होतं. मार्चच्या पहिल्या शनिवारी तू तुझ्या घराच्या पायरीवरचं बर्फ काढता काढता कोसळलीस, आणि सोमवारी बसवर दुसरी बाई आली. मैत्री चढली नाही. मी मागून तिला न्यायला गेलो तेव्हा ती दारात उभी राहून त्या बाईला विचारत होती, "वेअर इज शी?" ती चाळीस पावलं मी तेव्हा चाललो.

चर्चच्या पार्किंगमध्ये, जिथे आपण माझी गाडी लपवायचो, तिथे पिवळ्या बसची रांग उभी होती. सगळे ड्रायव्हर आले होते. मी गाडी पुढच्याच दाराशी लावली. कोणी काही म्हटलं नाही. आत तुझी मुलगी कॅरन भेटली, ओहायोहून आलेली, तुझ्यासारखीच मोजून बोलणारी. म्हणाली, "खोकी पक्षाला देऊन टाकली. एक कार्ड मात्र बाजूला काढलंय. हे द्यायचं नव्हतं."

आमच्या घराचं कार्ड. दोन्ही बाजूंनी भरलेलं. वरच्या ओळी वेड्यावाकड्या, माझ्या पाठीवर लिहिलेल्या, माझा प्रत्येक श्वास त्यात दिसत होता.

"नवरा, बायको, बाळ. मत नाही. पाणी दिलं. बूट बाहेर."

"गाडी चालवतो. जपानी!!"

"वर फोटो, निळा कोट. विचारलं. वडील दाराबाहेर बसायचे."

"सिटिझन!" याखाली तीन रेघा.

आणि सगळ्यात खाली एक नोंद, अक्षर एकदम सरळ. ती माझ्या पाठीवर लिहिलेली नव्हती. ती तू तुझ्या टेबलावर एकटी बसून लिहिली होतीस, निवडणूक होऊन गेल्यावर, जेव्हा कोणाच्याही मताची तुला गरज उरली नव्हती.

"झालं म्हणाला. दिलं नाही. खोटं बोलता येत नाही बिचाऱ्याला. त्याला लोकांसमोर विचारायला नको होतं. चूक माझी. पुन्हा जाणे."

चर्चच्या तळघरात, कॉफीच्या टेबलाशी, मी पंचेचाळिशीचा माणूस हमसून हमसून रडलो. तुला माहीत होतं. फोनवर तू थांबली होतीस तेव्हा माहीत होतं. रोज सकाळी बसचं दार उघडं ठेवायचीस तेव्हाही माहीत होतं, आणि मी कप वर करत होतो. आणि चूक तुझी नव्हती, मार्ज. निदान सगळी नव्हती. तू लोकांसमोर विचारलंस कारण तुला वाटलं की माझ्याकडे उत्तर आहे. ते होतंही.

म्हणून हे दोन पानांऐवजी इतकं झालंय. अण्णा, तुम्ही हे वाचाल तेव्हा मला माहीत आहे तुम्ही कुठे थांबाल. अस्पृश्यता. तो शब्द इथे आहे. माझे वडील गणपत वानखेडे शाळेच्या दाराबाहेर बसून शिकले आणि त्यांचा मुलगा तुमच्या मंडळात दहा वर्षं दाराच्या आत बसून गप्प राहिला. पोरांना शाळेत कोणी विचारलं तर काय सांगायचं, असं तुम्ही विचारलं होतंत. मैत्रीला मी परवा सांगितलं. फोटो खाली हॉलमध्ये लावताना सांगितलं. ती म्हणाली, "दॅट्स सो मीन. डिड आजोबा क्राय?" एवढंच विचारलं, आणि खिळा धरायला मदत केली.

मार्ज, तू विचारलं होतंस, इथे असं कोणी आहे का ज्याला तो शब्द ठेवायचा आहे. मी होतो. खिडकीजवळच्या तिसऱ्या टेबलावर. मला ठेवायचा होता.

सुजाताने हे सगळं वाचलं. डोळे पुसले आणि म्हणाली, "अण्णा हे छापतील का बे?" मला माहीत नाही. पोस्टाने पाठवणार नाही, ईमेलही करणार नाही. उद्या संध्याकाळी हे कागद घेऊन मी स्वतः त्यांच्याकडे जाणार आहे. चपला बाहेर काढीन, बेल वाजवीन आणि वीसपर्यंत मोजीन. नाही उघडलं, तर पुन्हा जाईन.

तुझा,
प्रशांत गणपत वानखेडे
स्टॉप सत्तावीस